थकबाकी वेगळी, वाढ वेगळी

आमची चिखली म्हणजे टाळगाव चिखली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी मल्हारपंत कुलकर्णी इथले. इंद्रायणीकाठी बाजरी-कांदा पिकवणाऱ्या या गावात घर भाड्याने द्यायचं कुणाच्या मनातही नव्हतं, असं आजी सांगायची. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, टेल्को, बजाजही आले. सांगली-सातारा-लातूरकडची पोरं खोली शोधत शिवारापर्यंत पोचली, तेव्हा आजोबांनी, म्हणजे आबांनी, गोठ्याला लागून पत्र्याच्या खोल्या काढल्या. करार सगळा तोंडी.

आबांना धास्ती एकच, माणूस आत शिरला की निघायचा नाही. पुण्या-मुंबईत १९४७च्या भाडेकायद्याने गोठलेली भाडी आणि पागडीच्या गोष्टी त्यांच्या कानावर होत्या. त्या धास्तीपोटी ते भाडेकरूशी बोलायला बसायचे तेच आवाज चढवून.

त्यात लातूरकडचा एक फिटर भेटला. भाडेवाढ मागितली की तो पत्रा गळतो म्हणायचा, पाण्याच्या नळाचा विषय काढायचा, लाईटच्या सबमीटरचा आकडा खोटा ठरवायचा. १९८९ला टेल्कोचा संप झाला, राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले. तेव्हा खोल्यांतली चूलही मंदावली आणि फिटरचं भाडं थकलं. आबा कुलूप घेऊन निघाले. आजी आडवी आली, "कुलपानं पैसं येत्यात व्हय? त्याची बायको माझ्यासंगं पाणी भरती."

पगार सुरू झाल्यावर तिने दहा तारखेनंतर नवराबायकोला ओट्यावर बोलावलं. चहा दिला. वहीत थकलेलं भाडं एका पानावर, चालू महिन्याचं दुसऱ्या पानावर. जुनं हप्त्याने फेडायचं, चालू अडवायचं नाही. वाढीचा विषय त्या दिवशी तिने काढलाच नाही. पत्र्याचं मात्र त्याचं म्हणणं खरं होतं. पत्रा आधी बदलला आणि दिवाळीनंतर वाढ मागितली. फिटर तेव्हाही भांडला, पण नव्या पत्र्याखाली बसून. आजीने मागितली त्याच्या निम्मी वाढ ठरली. मला अजून वाटतं, नेमकी तेवढीच तिच्या मनात होती.

१९९७ला गाव महापालिकेत गेलं, खोल्यांवर मजले चढले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यातलं कलम ५५ प्रत्येक घरमालकाने वाचावं. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होत नाही तोवर, ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट भरपाई मागता येते. आणि भाडेकरूचं पाणी-लाईट सबळ कारणाशिवाय तोडायचं नाही, हे कलम २९. आजीला कलम ठाऊक नव्हतं, तरी नळ तिने कधी बंद करू दिला नाही.

फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने चिखलीतल्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं आणि वर्कशॉप पाडली. आमच्या एका भाडेकरूचं कामच त्यात गेलं. दोन महिने "बघतो दादा" एवढंच उत्तर. अकरा महिन्यांचा करारही संपत आलेला. तो म्हणाला, "डिपॉझिटमधून कापून घ्या." मी नाही म्हटलं. डिपॉझिट एकदा खाल्लं की शेवटच्या महिन्याला मोडतोड आणि लाईटबिल कशातून निघणार? मी वहीची दोन पानं केली. जुनं चार हप्त्यांत, चालू दर महिन्याच्या बारा तारखेला, कारण नव्या ठिकाणी पगार दहाला होतो. वाढ यंदा नाही, त्याच्या पुढच्या करारात. तसं नव्या करारात लिहूनच घेतलं.

सही करण्याआधी त्याने मसुदा ओळ न् ओळ वाचला. जाताना रंगाचा खर्च भाडेकरूने द्यायचा, ही अट त्याला मान्य नव्हती. अर्धा तास वाद झाला. शेवटी निम्मा त्याचा, निम्मा माझा असं दुरुस्त करून घेतलं, मगच दोघांनी अंगठे लावले.