स्फटिकातील स्थानभ्रंश : एका संकल्पनेचा इतिहास

भौतिकशास्त्राच्या आणि धातुशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत 'स्थानभ्रंश', म्हणजेच डिस्लोकेशन, ही संकल्पना बहुधा एका आकृतीत आणि 'टेलर, ओरोवान व पोलान्यी, १९३४' एवढ्या उल्लेखात आटोपली जाते. त्यामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. ही संकल्पना कोणी प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूवरून आलेली नव्हती. गणिताचे उत्तर आणि प्रयोगशाळेतील मोजमाप यांत हजारो पटींची तफावत पडली, ती समजून घेण्यासाठी स्फटिकात एक विशिष्ट दोष असल्याचे मानावे लागले आणि तो दोष धातूत स्पष्टपणे नजरेस पडेपर्यंत बावीस वर्षे गेली. या वाटचालीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

केंब्रिज येथे जेम्स यूइंग आणि वॉल्टर रोझेनहेन यांनी १८९९ च्या सुमारास धातूचा घोटून चकचकीत केलेला पृष्ठभाग ताण देऊन सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला. धातूच्या प्रत्येक कणावर समांतर काळ्या रेषा उमटलेल्या दिसल्या. प्रकाशाची दिशा बदलली की त्याच रेषा उजळत. म्हणजे त्या भेगा नव्हत्या, पायऱ्या होत्या. धातू वाकतो तेव्हा स्फटिकाचे थर पत्त्यांच्या जुडीप्रमाणे एकमेकांवरून सरकतात, असा त्याचा अर्थ होता. यालाच सर्पण म्हणतात. पुढे १९२३ मध्ये जेफ्री टेलर आणि कॉन्स्टन्स एलॅम यांनी ॲल्युमिनियमच्या एकेरी स्फटिकावर हे सर्पण कोणत्या प्रतलावर व कोणत्या दिशेने होते ते मोजून दाखविले. एलॅम यांचे नाव क्रमिक पुस्तकांत क्वचितच आढळते. वास्तविक त्या मोजमापावाचून पुढील सिद्धान्ताला आधार नव्हता.

अडचण उभी राहिली ती १९२६ मध्ये. सरकणाऱ्या थरातील सर्व अणू एकाच वेळी शेजारच्या खळग्यांत जाऊन बसतात, असे मानून याकोव फ्रेंकेल यांनी त्यासाठी लागणारे कर्तरी प्रतिबल काढले. ते दृढता गुणांकाच्या सुमारे एक षष्ठांश आले. तांब्याचा हा गुणांक सुमारे ४८ गिगापास्कल, म्हणजे लागणारे प्रतिबल ७ गिगापास्कलहून अधिक. प्रत्यक्षात शुद्ध तांब्याचा, नीट तापवून निवविलेला एकेरी स्फटिक १ मेगापास्कलच्या आसपासच सरकू लागतो. अणूंमधील बलांचा अधिक काटेकोर विचार करून पुढे सैद्धांतिक आकडा बराच खाली आणला गेला, तरी हजार पटींची दरी उरलीच. आकडेमोड बरोबर होती. चूक 'एकाच वेळी' या गृहीतकात होती.

मोठी सतरंजी अखंड ओढू गेल्यास जड जाते. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पुढे ढकलीत नेली, तर सतरंजी सहज सरकते. धार-स्थानभ्रंशाचे कार्य असेच आहे. स्फटिकाच्या वरच्या अर्ध्या भागात अणूंचे एक अर्धे प्रतल जादा घुसले आहे आणि त्याची खालची धार स्फटिकाच्या आतच संपली आहे, अशी कल्पना करावी. त्या धारेलगतचे बंध आधीच ताणलेले असतात. अल्प प्रतिबलानेही तेथील अणू एका शेजाऱ्याशी असलेला बंध सोडून दुसऱ्याशी जोडले जातात आणि धार एक घर पुढे सरकते. ती स्फटिकाबाहेर पडली की पृष्ठभागावर एका अणुअंतराची पायरी उरते. यूइंग-रोझेनहेन यांना दिसलेली रेषा अशा शेकडो पायऱ्या मिळून झालेली होती.

ही कल्पना १९३४ मध्ये तिघांनी स्वतंत्रपणे मांडली. एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी हे दोघेही हंगेरियन. त्यांचा आपसांत पत्रव्यवहार झाला आणि त्यांचे निबंध एकाच जर्मन नियतकालिकाच्या एकाच खंडात आले. टेलर यांनी मात्र आणखी एक पाऊल टाकले. स्थानभ्रंश एकमेकांना अडवितात, म्हणूनच वाकविलेला धातू अधिक कठीण होतो, असे त्यांनी सुचविले. टेलर हे मूळचे द्रवगतिकीचे अभ्यासक. १९३९ मध्ये मळसूत्री स्थानभ्रंशाची भर घालणारे डेल्फ्टचे यान बर्गर्सही त्याच विषयातले. धातूचे कोडे उलगडण्यास प्रवाहांचे गणित जाणणारी माणसे पुढे यावीत, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

तरीही स्थानभ्रंश कागदावरच होता. १९४७ मध्ये ब्रॅग आणि नाय यांनी साबणाच्या बुडबुड्यांच्या तराफ्यात तो सरकताना दाखविला. पण ते प्रतिरूप होते. १९४९ मध्ये चार्ल्स फ्रँक यांनी स्फटिक मळसूत्री स्थानभ्रंशाभोवती सर्पिलाकार वाढत असावेत असे भाकीत केले. असे सर्पिल बेरिल या खनिजावर आढळले आणि १९५१ मध्ये लंडन येथे कार्यरत असलेले भारतीय संशोधक अजित राम वर्मा यांनी सिलिकॉन कार्बाइडवरील सर्पिलांची छायाचित्रे प्रसिद्ध केली.

निर्णायक पुरावा १९५६ चा. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हिर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांनी इलेक्ट्रॉन आरपार जातील इतका पातळ ॲल्युमिनियमचा पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात बारीक काळ्या रेषा दिसल्या आणि शलाकेची तीव्रता वाढविताच त्या सर्पण-प्रतलांवरून सरकू लागल्या. त्याच वर्षी जिनिव्हा येथे वॉल्टर बोलमान यांनी गंजरोधक पोलादात स्वतंत्रपणे त्या पाहिल्या. अस्तित्वाचा वाद तेथे मिटला. मात्र एकमेकांत गुंतलेल्या असंख्य स्थानभ्रंशांच्या वर्तनावरून धातूच्या काठिण्यवाढीचा संपूर्ण आलेख मूलभूत तत्त्वांतून काढणे, हा टेलर यांनी १९३४ मध्ये हाती घेतलेला प्रश्न संगणकीय अनुरूपणाच्या आजच्या काळातही पुरता सुटलेला नाही.