ओटोचे घरी परतणे

१/ ऑक्टोबर २०१४. बर्लिनच्या ब्रँडेनबर्ग गेटपाशी एक जुनी निळी मर्सिडीज येऊन थांबली. गाडीचे नाव ‘ओटो’; चालक गुंटर होल्टॉर्फ, वय ७७.

२/ १९८० च्या दशकाच्या अखेरीस होल्टॉर्फ आफ्रिका पाहण्यास निघाले. १९९० पासून ख्रिस्टिन त्यांच्या सोबतीस आल्या. गाडीच्या मागील भागात गादी अंथरलेली; स्वयंपाक उघड्यावर. हॉटेल जवळजवळ वर्ज्यच.

३/ मधूनमधून गाडी परदेशातच ठेवून दोघे जर्मनीला येत आणि पुन्हा निघत. अशा रीतीने खंडामागून खंड पालथे घातले.

४/ २०१० मध्ये कर्करोगाने ख्रिस्टिन यांचे निधन झाले. प्रवास थांबू नये, ही त्यांची इच्छा होती. होल्टॉर्फ यांनी आरशाला त्यांचे छायाचित्र टांगले आणि ते पुन्हा रस्त्याला लागले.

५/ एकूण २६ वर्षे, सुमारे ९ लाख किलोमीटर. इंजिन मात्र मूळचेच. पुढे ओटो श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयाच्या स्वाधीन झाली.

६/ दीर्घ प्रवासाच्या कथेत शेवटी घरी कोणीतरी वाट पाहत असते. होल्टॉर्फ यांचे ते माणूस वीस वर्षे शेजारच्याच आसनावर होते. बर्लिनला पोहोचले, तेव्हा दिलेला शब्द पुरा झाला होता.