एक नाव, निराळे रोग

कचेरीत दोन निराळी प्रकरणे एका मथळ्याखाली गेली, की निकाल हमखास चुकतो. श्रोतेहो, मधुमेहाच्या इतिहासात हेच घडले आहे. आणि तेथे चुकीची किंमत रोग्याने प्राणांनी मोजली.

चरकसंहितेने प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे मानले: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. पहिल्यास शोधन, दुसऱ्यास पोषण, असे उपचारही वेगळे सांगितले.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची उपासाची चिकित्सा रूढ झाली. स्थूल प्रौढांना ती मानवे. कृश मुले मात्र तिने काही काळ तगत, आणि कित्येक उपासमारीनेच जात. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लिओनार्ड टॉम्प्सनला इन्सुलिन टोचण्यात आले आणि अशा मुलांना जगण्याचा मार्ग सापडला.

तरीही इन्सुलिनचा गुण सर्वांना सारखा येईना. १९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी रोग्यांना साखर व इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची रक्तशर्करा आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. पहिल्यांत इन्सुलिनचीच उणीव होती; दुसऱ्यांचे शरीर त्याला दाद देत नव्हते.

२०१८ साली स्वीडन व फिनलंडमधील संशोधकांनी प्रौढ रोग्यांचे पाच गट मांडले. एका गटात मूत्रपिंडांना धोका अधिक, दुसऱ्यात नेत्रांना.

तेव्हा रक्तातील साखर वाढली, एवढ्याने निदान पुरे होत नाही. ती कोणाच्या देहात व कशामुळे वाढली, हे विचारल्यावाचून योग्य औषध सापडत नाही.