दिव्याची ज्योत आणि तिचें झांकण

घर उजळणें म्हणजे घरांत पुष्कळ उजेड करणें, ही समजूत विजेच्या आगमनाबरोबर दृढ झाली. त्यापूर्वीं देवापुढील समई, कोनाड्यांतील पणती किंवा रॉकेलचा कंदील यांचा प्रकाश इतका थोडा असे कीं, ज्याला वाचावयाचें त्यानें दिव्यापाशीं सरकून बसावें लागे. दिवा अपुरा होता. पण तो डोळे दिपवीत नसे.

तेलाच्या दिव्याची शक्ति वाढविली ती जिनीव्हाच्या आमे आर्गां यानें. १७८० च्या सुमारास त्यानें पोकळ नळीसारखी वात योजिली, तिच्या आंतून व बाहेरून हवा खेळविली, आणि कांचेच्या चिमणीनें ज्योत स्थिर केली. प्रकाश इतका प्रखर झाला कीं, ज्योतीवर झांकण घालण्याची गरज भासूं लागली.

विजेनें हा प्रश्न अधिकच तीव्र केला. १८८० मध्यें इंग्लंडांतील क्रॅगसाइड या विल्यम आर्मस्ट्राँगच्या वाड्यांत जोसेफ स्वानचे दिवे लागले. पाण्याच्या जोरावर त्यांची वीज निर्माण होई. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्यें आले, वीज पुरविणारी कंपनी १९०५ मध्यें निघाली, आणि १९१५ पासून खोपोलीच्या केंद्राची वीज शहराकडे वाहूं लागली. छताच्या मधोमध उघडा गोळा टांगला कीं घर आधुनिक झालें, असें वाटे. परंतु त्याकडे पाठ करून लिहिणाऱ्याच्या वहीवर त्याच्याच डोक्याची सावली पडे, आणि तोंड फिरवावें तर डोळे दिपत.

या अडचणीचा पद्धतशीर विचार डेन्मार्कच्या पाउल हेनिंगसेन यानें केला. त्याचें बालपण रॉकेलच्या दिव्याच्या सौम्य प्रकाशांत गेलें होतें. विजेच्या दिव्यांतही तोच सौम्यपणा यावा, म्हणून त्यानें शंखाच्या वेटोळ्यासारखी वक्ररेषा आधारास घेऊन झांकणें आंखलीं. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याचे दिवे मांडले गेले. १९२६ पर्यंत त्यांस तीन झांकणांचें रूप आलें. गोळा दृष्टीआड राहतो, आणि झांकणांवरून परतलेला प्रकाश मेजावर व खोलींत मृदुपणें पसरतो.

प्रकाशयोजनेचीं मुख्य सूत्रें या इतिहासांतूनच निघतात. सबंध खोलीस मंद उजेड असावा. फिकट रंगाच्या भिंती तो परतवून त्यास हातभार लावतात. वाचन, शिवण, स्वयंपाक यांसाठीं स्वतंत्र दिवा कामाजवळ ठेवावा. लहान दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं, त्याचा थेट प्रकाश चौथाईच उरतो. उजव्या हातानें लिहिणाऱ्यास तो डावीकडून मिळावा. चित्रावर किंवा देव्हाऱ्यावर तिसरा, बेताचा दिवा शोभतो.

आज एलईडी दिव्यांमुळें थोड्या विजेंत पुष्कळ प्रकाश मिळतो. ज्या निळ्या एलईडीमुळें पांढरा प्रकाश साध्य झाला, तिच्या शोधाबद्दल २०१४ मध्यें तीन शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. उजेडाची टंचाई अशा रीतीनें मिटली, तरी झांकणाची गरज मिटलेली नाहीं. घरांतील वृद्ध कोठें वाचतात व मुलें कोठें अभ्यासास बसतात, हें आधीं पाहावें आणि मग दिव्याची जागा ठरवावी.