हुकूम लांबून, हात जवळून : रेडिओवर चालणाऱ्या गाडीचा इतिहास



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे टेबलावर ही खेळण्यातली गाडी बघून काहींच्या मनात आलं असेल की सरांचं वय झालं. वय झालंच आहे, ते नाकारत नाही. पण या गाडीचं आमच्यावर एक ऋण आहे. ते याच अंतरवाली सराटीच्या शिवारात चढलं, म्हणून इथेच फेडावं असं ठरवलं.

झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत आमचा नातू पुण्याहून ही गाडी घेऊन इथे नातलगांकडे आला होता. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, रेडिओवर चालणारी, खडबडीत रानात पळणारी. त्या वेळी कापसाची वेचणी चालू होती. गाडी बांधावरून उडाली, सरीत पडली, पुन्हा निघाली. पोरं ओरडत मागे पळत होती. दुसऱ्या दिवशी ती मधेच थांबली आणि जळका वास आला. नातू म्हणाला, बॅटरी गेली. आम्ही विद्वान, आम्ही म्हणालो, इथे रेंज नसेल.

शेजारचा एक तरुण विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याने आमचं ऐकून घेतलं, काही न बोलता गाडी उचलली आणि पालथी घातली. मागच्या आसावर कापसाचा धागा घट्ट गुंडाळलेला होता आणि त्यावर काळ्या मातीचा लेप वाळून दगड झाला होता. चाक फिरायला जागाच नव्हती, त्यामुळे मोटार कण्हत कण्हत तापली होती. तो म्हणाला, "सर, हिला पालथी घालून कधी बघितलंच नाही का कुणी?"

नव्हतं बघितलं. दोन दिवस आम्ही तिला फक्त हुकूम सोडत होतो. तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. लांबून हुकूम सोडायची विद्या माणसाने कमावली कशी, आणि ती कमावताना काय लांबून करता येत नाही हे त्याला केव्हा कळलं, याचा शोध आम्ही घेतला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात दोरीपासून करू. आपल्या गोदावरीला वर जाऊन प्रवरा मिळते. त्या प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली जमिनीतून चार कांस्यमूर्ती निघाल्या. त्यातला एक रथ आहे : दोन बैल जुंपलेले, मागे उभा सारथी, लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. सोबतच्या गेंड्यालाही चाकं आहेत. ती पूजेची वस्तू होती की मिरवणुकीची, यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण चाकावरची छोटी प्रतिकृती करण्याची हौस आपल्या खोऱ्यात फार जुनी आहे, एवढं नक्की. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत नेतात. आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी तारेच्या गाड्या आणि स्लीपरची चाकं केलीच असतील. त्या सगळ्या खेळण्यांत ओढणारा आणि ओढलं जाणारं यांच्यात एक दोरी किंवा काठी असते. चाक अडलं की हाताला झटका बसतो. दोरी हुकूम नेते आणि अडचण परतही आणते.

ही दोरी तुटली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी १८९५च्या सुमारास भिंतीपलीकडून, तारेविना, घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात लोखंडी होडी सोडली आणि ती लांबून वळवली, तिचे दिवे लावले आणि विझवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला पेटंट मिळालं. लोकांना वाटलं ही जादू आहे. मग स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने 'तेलेकिनो' नावाचं यंत्र बनवलं आणि १९०४ साली त्यावर एक तीनचाकी गाडी चालवून दाखवली. अंतर वीस-तीस मीटर, म्हणजे या मंडपाच्या लांबीएवढं. जमिनीवर, रेडिओने, चाकाची गाडी. आमच्या टेबलावरच्या गाडीची ही पणजी म्हणा.

पण पणजीपासून पणतीपर्यंत साठ वर्षं गेली, कारण रेडिओचे दिवे म्हणजे व्हॉल्व्ह मोठे, नाजूक आणि वीज खाणारे होते. ट्रान्झिस्टर आला तेव्हा ते सगळं खिशात मावू लागलं. १९६६ साली इटलीच्या एल्जी कंपनीने रेडिओवर चालणारी फेरारी विकायला काढली. जपानमध्ये शिझुओका इथली तामिया कंपनी मुळात लाकडाचा धंदा करायची. तिने १९७६ साली पोर्शची गाडी आणली. त्यासाठी त्यांनी खरी पोर्श विकत घेतली आणि नटबोल्ट काढून सुटी केली. आधी खोललं, मग बनवलं. हा क्रम लक्षात ठेवा.

या गाड्या सपाट डांबरावर चालायच्या. १९७९ साली तामियानेच 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या दोन गाड्या काढल्या, वाळूत आणि मातीत पळणाऱ्या. आपल्या भाषेत पांदीच्या गाड्या. आता शत्रू बदलला. डांबरावर प्रश्न वेगाचा होता, मातीत प्रश्न धूळ, पाणी आणि धक्क्याचा झाला. म्हणून त्यांनी रिसीव्हर आणि बॅटरी एका बंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवली, चाकांना खालीवर हलायची मुभा दिली. १९८४ साली अमेरिकेत 'आरसी टेन' नावाची गाडी आली, तेलाचे शॉकॲब्सॉर्बर आणि ॲल्युमिनियमची बैठक असलेली. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत वेग कमी करायचा म्हणजे जास्तीची वीज एका रेझिस्टन्समधून उष्णता करून घालवायची. हळू चालवा नाहीतर जोरात, काहीतरी तापणारच. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले तेव्हा ते कमी झालं.

आपल्याकडे हा छंद उशिरा का पोचला? पैसा हे कारण आहेच, पण कायदाही आहे. १९३३च्या वायरलेस कायद्याने बिनतारी यंत्र जवळ ठेवायला परवाना लागे. इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल, साधा रेडिओ ऐकायचा तरी पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यावा लागायचा. ऐकायलाच परवाना, तर हुकूम सोडायला किती? पुढे काळ बदलला. २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. आज मोबाइलचं वायफाय आणि ही गाडी, दोन्ही बहुधा त्याच पट्ट्यात चालतात. त्याआधीच्या गाड्यांत स्फटिक बसवलेले असत. दोन पोरांचे स्फटिक एकाच कंपनसंख्येचे निघाले की एकाच्या हुकुमावर दुसऱ्याची गाडी विहिरीत. आता ट्रान्समीटर आणि गाडी यांची आधी ओळख करून देतात, मग गाडी परक्याचं ऐकत नाही.

पोरांनो, आता चालवायचं कसं ते सांगतो. नियम तीन.

पहिला, सुरू करताना आधी हातातला ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना उलटं : आधी गाडी, मग ट्रान्समीटर. कारण ऐकणारा जागा आहे आणि सांगणारा झोपलाय, अशी वेळ येऊ द्यायची नाही. तशी आली तर गाडी सुसाट सुटू शकते.

दुसरा, गाडी तुमच्यापासून लांब जाते तेव्हा उजवं ते उजवं. ती तुमच्याकडे तोंड करून येऊ लागली की तुमचं उजवं तिचं डावं होतं. नवशिके इथेच झाडाला धडकतात. उपाय एकच, मनाने तिच्यात जाऊन बसायचं. आम्ही तीस वर्षं वर्गात सांगत होतो की दुसऱ्याच्या जागेवरून पाहायला शिका. ते आम्हाला जमतं का, याची परीक्षा या गाडीने पाच मिनिटांत घेतली. नापास झालो.

तिसरा, लिथियमची बॅटरी पार संपेपर्यंत पळवायची नाही. एका सेलचा दाब तीन व्होल्टच्या खाली गेला की ती आतून बिघडते, फुगते. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही. चार्जिंगला लावून झोपायचं तर नाहीच.

आणि देखभाल? खेळून आलं की बॅटरी काढा. गाडी पालथी घाला. वाळलेली माती कोरड्या ब्रशने झाडा, जुना टूथब्रश चालतो. जोराचं पाणी मारू नका, ते बेअरिंगमध्ये माती आणखी आत ढकलतं. चारही चाकं हाताने फिरवून कानाशी धरा, करकर आली तर बेअरिंग काढून धुवा, वाळवा, पातळ तेलाचा एक थेंब द्या. मोटारीची छोटी दातरी आणि मोठी दातरी यांच्यात कागदाची पट्टी घालून अंतर लावा. पट्टी काढल्यावर उरते तेवढीच फट हवी. घट्ट बसल्या तर मोटार तापते, सैल बसल्या तर दात झडतात. आणि दोन बॅटऱ्यांच्या मधे मोटारीला निवायला दहा-पंधरा मिनिटं द्या. बैलालाही आपण सावलीत सोडतोच की.

आता खेळातून कामाकडे येऊ. पुण्याजवळ दिघीला संरक्षण खात्याची अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. तिने 'दक्ष' नावाची गाडी बनवली. चाकांवर चालणारी, बॅटरीवरची, सुमारे ५०० मीटरवरून रेडिओने हुकूम घेणारी, जिने चढणारी. काम कसलं? बाँब शोधून निकामी करण्याचं. पहिल्या पाच गाड्या डिसेंबर २०११ मध्ये लष्कराला दिल्या गेल्या. इथे लांबून हुकूम सोडणं हे माणसाचा जीव वाचवणं आहे. जवान ५०० मीटर मागे आणि यंत्र पुढे. आम्ही लांबूनच्या हुकुमाला नावं ठेवायला उभे नाही, हे यावरून ध्यानात घ्या. पण तिचीही बॅटरी काही तासांत उतरते, आणि परत आल्यावर तिची चाकं कुणीतरी जवानच हाताने तपासतो.

जिथे असा हात पोचूच शकत नाही, तिथे काय होतं? १९७० साली सोव्हिएत रशियाने चंद्रावर आठ चाकांची 'लूनोखोद' उतरवली. क्रिमियात बसलेली पाच जणांची तुकडी ती चालवायची. संदेश जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. ती साडेदहा किलोमीटर चालली. १९७३ साली दुसरी गाडी गेली, ती चार महिन्यांत सुमारे ३९ किलोमीटर चालली. मे महिन्यात ती एका विवरात शिरली आणि तिचं उघडं झाकण विवराच्या कडेला घासलं. झाकणावर सौर तावदान होतं, त्यावर माती पडली. पुढे झाकण बंद केल्यावर ती माती आतल्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर सांडली. गाडी तापली आणि संपली. रेडिओ ठीक होता, हुकूम पोचत होते. कमी होतं ते एक फडकं, आणि ते धरणारा हात.

हे वाचलं तेव्हा आम्हाला आमच्या गाडीचा आस आठवला. तिकडे धूळ, इकडे कापसाचा धागा. तिकडे पालथी घालणारा कुणी नव्हता. इकडे आम्ही हाताच्या अंतरावर होतो आणि तरी घातली नाही.

आपलं 'प्रज्ञान' २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रावर पोचलं. सहा चाकं, २६ किलो वजन. समोर चार मीटरचं विवर दिसलं तेव्हा त्याला मागे वळवून दुसऱ्या वाटेने नेलं. शंभर मीटरहून जास्त चालून २ सप्टेंबरला त्याला झोपवलं. नंतर सूर्य उगवल्यावर हाका मारल्या, उत्तर आलं नाही. नेमके त्याच दिवसांत हे गावही साऱ्या महाराष्ट्राच्या पडद्यावर होतं. त्या आंदोलनावर बोलायचा अधिकार इथल्या लोकांचा, आमचा नाही. एवढंच म्हणतो, पडद्यावर गाव दिसतं ते लांबून दिसतं. गावात काय झिजलंय ते इथे येऊन बसल्याशिवाय कळत नाही.

शेवटची गोष्ट तुमच्या विहिरीवरची. लाइट रात्रीची असते म्हणून पुष्कळांनी मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. अंथरुणातून फोन लावला की मोटार सुरू. साप-विंचवाच्या अंधारात जावं लागत नाही, फार चांगलं झालं. पण फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला तर फोनवरून निघत नाही. आणि अलीकडे आपण माणसांनाही असेच स्टार्टर बसवलेत. पुण्याहून फोन येतो, "गोळ्या घेतल्या का? वेळेवर जेवा." प्रेमाने येतो, यात शंका नाही. आम्हीही आमच्या आईला तेवीस वर्षं असाच फोन करत होतो. शेवटी शेवटी तिच्या पायाला जखम झाली होती, ती आम्हाला फोनवर दिसली नाही. तिने सांगितलीही नाही. शेजारणीने तिची साडी जरा वर करून बघितली, तेव्हा कळलं. म्हणून त्या तरुणाचा प्रश्न आम्हाला इतका लागला.

नातू आता शिकायला लांब गेलाय. गाडी आमच्याकडे आहे. दर रविवारी तो फोनवर विचारतो, "आजोबा, बेअरिंग बघितलं का?" आम्ही म्हणतो, बघितलं, पण तू कधी येतोस ते सांग.

व्याख्यान संपलं. पोरांनो, एकेकाने पुढे या आणि गाडी चालवा, मागे मोकळं पटांगण आहे. अट एकच. दुसऱ्याच्या हातात देण्याआधी ती पालथी घालायची आणि साफ करायची. ब्रश इथे टेबलावर ठेवलाय.