हॉर्मोन चिकित्सा, स्तन-कर्करोगोत्तर

स्तन-कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि आवश्यक तेथे रासायनी व प्रारण चिकित्सा झाल्यावर रोग पुन्हा उद्‌भवू नये म्हणून सामान्यतः पाच ते दहा वर्षे दिल्या जाणाऱ्या औषधोपचारास हॉर्मोन चिकित्सा म्हणतात. हे नाव काहीसे फसवे आहे. कारण या उपचारात हॉर्मोन दिले जात नाही, तर इस्ट्रोजेन या स्त्रीमदजन हॉर्मोनाची क्रिया रोखली जाते किंवा त्याची निर्मिती घटविली जाते. ज्या अर्बुदाच्या कोशिकांत हॉर्मोनाचे ग्राही असतात, त्यावरच तिचा उपयोग होतो [⟶ कर्करोग]. शस्त्रक्रियादी उपचार रुग्णालयात, वैद्यांच्या देखरेखीखाली होतात. ही चिकित्सा मात्र बहुधा रोज एक गोळी या स्वरूपात घरीच घ्यावयाची असते. ती सुरू करण्याविषयी व चालू ठेवण्याविषयी अनेक स्त्रियांच्या मनात संकोच असतो.

इतिहास : गायीचे अंडकोश काढल्यास ती अधिक काळ दूध देते, हा पशुपालकांचा अनुभव ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज टॉमस बीट्सन यांना ठाऊक होता. अंडकोश व स्तन यांच्या या संबंधावरून त्यांनी वाढलेल्या स्तन-कर्करोगाच्या रुग्णांचे अंडकोश काढून पाहिले व अर्बुद आक्रसल्याचे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अधिवृक्क व पोष ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियाही रूढ झाल्या. त्या सर्वच स्त्रियांना गुणकारी का होत नाहीत, याचे उत्तर एल्‌वुड जेन्सन यांच्या शिकागो येथील इस्ट्रोजेन ग्राहीविषयक संशोधनातून मिळाले. टॅमॉक्सिफेन हे संयुग ब्रिटनमध्ये १९६२ मध्ये डोरा रिचर्डसन यांनी तयार केले. ते गर्भनिरोधक म्हणून अभिप्रेत होते. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. मँचेस्टर येथील क्रिस्टी रुग्णालयात ते ४६ रुग्णांना देण्यात आले व त्यांपैकी दहा जणींना गुण आल्याचे १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. अनेक चाचण्यांच्या २०११ मधील एकत्रित विश्लेषणानुसार, ग्राहीयुक्त अर्बुद असलेल्या स्त्रियांत पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनमुळे पंधरा वर्षांतील या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ऋतुनिवृत्तीनंतर वापरावयाची ॲनॅस्ट्रोझोल, लेट्रोझोल इ. औषधे १९९० नंतर प्रचारात आली.

मुंबईतील कार्य : मध्य रेल्वेवरील चिंचपोकळी, करी रोड व परळ या लागोपाठच्या स्थानकांभोवतीचा भाग मुंबईचे गिरणगाव म्हणून प्रसिद्ध होता. याच भागात परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली. या केंद्रात कमल रणदिवे यांनी उंदरांतील स्तन-अर्बुदे, हॉर्मोने व विषाणू यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास केला. १९६६ मध्ये दोन्ही संस्था एकत्र येऊन टाटा स्मारक केंद्र बनले. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेपूर्वी प्रोजेस्टेरॉन-वर्गीय औषधाची एकच मात्रा देऊन एक हजार स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. काखेतील लसीका ग्रंथींत रोग पसरलेल्या स्त्रियांना तिचा लाभ झाल्याचे त्यांत दिसले.

संकोचाची कारणे : औषधाचा लाभ म्हणजे न घडलेली घटना, ती रुग्णाला दिसत नाही. त्रास मात्र रोज जाणवतो. अंगाची आग होणे, घाम, निद्रानाश, योनिमार्गाची कोरड व सांधेदुखी हे त्रास सामान्य आहेत. टॅमॉक्सिफेनमुळे क्वचित गर्भाशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होतात. इस्ट्रोजेनची निर्मिती घटविणाऱ्या औषधांमुळे हाडे विरळ होतात. ‘हॉर्मोन’ या शब्दाचीच अनेकींना धास्ती वाटते. चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात रात्री अनेकदा उठावे लागणे किंवा शरीरसंबंधातील वेदना या गोष्टी सासू वा मुलांसमोर बोलता येत नाहीत; डॉक्टरांपुढेही त्या बहुधा अनुच्चारितच राहतात. तरुण स्त्रियांना अपत्यप्राप्तीची चिंता असते. हा प्रश्न केवळ अशिक्षितपणाचा नाही. कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे निम्म्याच स्त्रियांनी पूर्ण मुदतीपर्यंत नियमितपणे औषध घेतल्याचे आढळले.

साहाय्य : गोळी सोडल्याबद्दल रागावल्यास रुग्ण ती घेऊ लागतेच असे नाही, पुष्कळदा ती सोडल्याचे सांगणे तेवढे बंद होते. म्हणून साहाय्याची पहिली पायरी म्हणजे तक्रार ऐकून घेणे व तिची नोंद करणे. त्यानंतर रुग्णाच्या स्वतःच्या अर्बुदाच्या स्वरूपानुसार लाभ व धोका आकड्यांत सांगणे आवश्यक असते. कारण पुनरुद्भवाचा धोका मुळातच अल्प असल्यास लाभही अल्प असतो आणि अशा वेळी औषध न घेण्याचा निर्णयही विचारपूर्वक असू शकतो. धोका मोठा असल्यास त्रासावर इलाज करून औषध चालू ठेवण्याचा प्रयत्न करतात. नियमित व्यायामाने सांधेदुखी कमी होते, असे २०१५ मधील एका चाचणीत दिसले. एक औषध न सोसल्यास दुसरे देता येते. रोग स्तननलिकांबाहेर पसरलेला नसताना टॅमॉक्सिफेनची ५ मिग्रॅ. इतकी अल्प मात्राही उपयुक्त ठरते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. दीड ते अडीच वर्षे उपचार घेतल्यावर गर्भधारणेसाठी ते दोन वर्षांपर्यंत थांबविल्यास नजीकच्या काळात पुनरुद्भव वाढत नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१६ स्त्रियांच्या पाहणीत दिसून आले. मात्र दीर्घकालीन निष्कर्षांसाठी त्यांचे निरीक्षण चालू ठेवण्यात आले. असे बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे लागतात.

टाटा स्मारक केंद्र व टाटा समाजविज्ञान संस्था यांनी रुग्णांना वाट दाखविणारे कार्यकर्ते तयार करण्यासाठी ‘केवट’ हा पदविका अभ्यासक्रम सुरू केला; रामायणातील नावाड्यावरून हे नाव दिलेले आहे. परळला उपचार घेतलेल्या अनेक स्त्रिया दूरच्या गावी परततात. तेथे औषधाची गोळी दुकानात मिळू शकते, परंतु शंका विचारण्याजोगे माणूस जवळ असेलच असे नाही. या चिकित्सेतील यश औषधाच्या गुणाइतकेच अशा माणसाच्या उपलब्धतेवर अवलंबून असते.