रूपकुंडचे ते कोण?

उत्तराखंडात सुमारे ५,००० मीटर उंचीवरच्या रूपकुंड तलावाकाठी १९४२ साली शेकडो माणसांची हाडे सापडली आणि तर्कांना ऊत आला. कोणी म्हणे जपानी सैनिक, कोणी म्हणे जोरावरसिंहाची १८४१ ची फौज, तर कोणी नंदादेवीच्या यात्रेला निघालेला कनौजचा राजा. पुढे काहींचा डीएनए कोकणस्थांशी जुळतो अशी बातमी आली, तेव्हा मीही ‘आपलेच पूर्वज’ म्हणून घरात मिरवलो.

२०१९ साली ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ जण भारतीय वंशाचे, सातव्या ते दहाव्या शतकातले. १४ मात्र पूर्व भूमध्य सागराकडच्या वंशाचे, तेही १८०० च्या सुमाराचे! हे आमच्यापैकी कोणाच्याच तर्कात नव्हते.

पितृपंधरवड्यात आता त्यांनाही पाणी सोडतो. नाव-गोत्र न विचारता.